जिभेला डिंक, तळहाताला मध

पहिला महिना नौसर्द, नववा दिवस

आज मला नातू झाला, आणि आजच मी त्याच्या जन्माचं वाटोळं केलं.

कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून लिहायला बसलो. कागद उत्तम आहे. पूर्वेच्या रेशमी ताग्याभोवती गुंडाळून आलेला. रोख्शानाने, माझ्या बायकोने, तो पेटीत जपून ठेवला होता. "कधीतरी उपयोगाला येईल," म्हणायची. आज आला. ती असती तर कागदाची गरजच पडली नसती. तिला सांगितलं असतं, तिने कपाळावर हात मारून घेतला असता आणि विषय संपला असता.

मुलगा जन्मला की घरच्या वडीलधाऱ्याने त्याच्या जिभेवर मध ठेवायचा आणि तळहाताला डिंक लावायचा. बोलणं गोड व्हावं आणि हाती आलेलं सुटू नये. हे आमच्या पंजकंदात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझा मुलगा नानैवंदक, आमचा वंदक, तांड्याबरोबर पूर्वेला गेलेला, म्हणून हा मान माझ्याकडे आला. मिऊनाय सुईणीने खिडकीत दोन वाट्या मांडल्या आणि मला बजावलं, "उजवीकडे मध, डावीकडे डिंक. नीट बघ रे बाबा. तुझं लक्ष नेहमी आभाळात."

मी नीट बघत होतो. पण खिडकीबाहेर जर्दाळूच्या पानांतून ऊन हलत होतं आणि मला शाळेतली ती जुनी कविता आठवली.

घंटा वाजे उंटागळी, वाट पुढे पुढे पळे,
नव्या नव्या गावापाशी जुने ओझे थोडे गळे,
दिले जे जे वाटेवर, उभे राही तुझ्यासाठी...

चौथी ओळ साठ वर्षं झाली, सापडत नाही. पंतोजी ती सांगत होते तेव्हाही मी खिडकीबाहेरच बघत होतो. छडी आठवते, ओळ आठवत नाही. आज वाटलं, आता येणार, जिभेच्या टोकावर आहे. भानावर आलो तर बोट डाव्या वाटीतून निघून बाळाच्या जिभेच्या टोकावर होतं. आणि मग घाबरून दुसरं बोट उजव्या वाटीत बुडवून मी त्याच्या तळहाताला लावलं. जिभेला डिंक, हाताला मध! म्हणजे तोंडातून शब्द फुटायचा नाही आणि हातातून पैसा ओघळत राहायचा.

बाळ मात्र मिटक्या मारत होतं. डिंक चाखून मिटक्या मारणारं मूल मी जन्मात पाहिलं नाही. बिचाऱ्याला चव तरी कशी कळणार.

"झालं ना बरोबर?" मिऊनायने विचारलं.

"बरोबर," मी म्हणालो. नातवाच्या आयुष्यातला पहिला दिवस आणि आजोबांची पहिली थाप.

संध्याकाळी पाहिलं तर दोन्ही वाट्यांना मुंग्या लागलेल्या. मधाच्या वाटीला लागतील, समजू शकतो. पण डिंकाच्या वाटीलाही तेवढ्याच! यंदाच्या मुंग्यांना काही तारतम्यच राहिलेलं नाही.

अकरावा दिवस

माझी सून चातिसा आज म्हणाली, "मामंजी, याची उजवी मूठ उघडता उघडत नाही बघा. पुसताना दमले. आत काहीतरी पिवळं चिकट बसलंय."

मध सुकला की असाच चिकटतो.

रडतो मात्र खणखणीत. अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. पण रडण्याला जीभ कुठे लागते?

एक शंका मनातून जात नाही. माझ्या जन्माच्या वेळी माझ्या आजोबांनीही हीच चूक केली असेल का? कारण पंजकंदात माझ्याइतका वाईट सौदागर झाला नाही, हे मी स्वतः कबूल करतो. चार वेळा पार चीनमधल्या चांगआनपर्यंत गेलो आणि चारही वेळा, लोक म्हणायचे, "वर्झक गेला भरून आणि आला झरून." एका वर्षी तर खोतानच्या अलीकडे वाळूत एक माणूस तापाने पडलेला दिसला. त्याला उंटावर घ्यायचं तर ओझं उतरवावं लागणार. मी कस्तुरीची दोन गाठोडी वाळूत सोडली, त्याला खोतानला पोचवलं आणि तसाच पुढे निघालो. त्याचं नाव विचारायचंही राहिलं; माझं तेवढं त्याने विचारून घेतलं. घरी आल्यावर सासऱ्यांनी वर्षभर माझ्याशी अबोला धरला होता. हाताला मध लागलेल्या माणसाचं हे असं होतं. त्या पोराचं असं व्हायला नको.

वंदक दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर परत येईल. त्याला तोंड कसं दाखवू?

तेरावा दिवस

मिऊनायला सांगून टाकलं.

ती बाळाला तेल लावायला आली होती. आम्ही एका गल्लीत वाढलो. मी शाळेत अक्षरं गिरवायचो तेव्हा ती शाळेच्या खिडकीखाली शेळ्या राखायची आणि मला आतून बाहेर बघताना पकडायची. तिच्यापाशी खोटं फार दिवस टिकत नाही. मी सगळं सांगितल्यावर ती पाठमोरी झाली आणि तिचे खांदे हलायला लागले. रडत असावी. मलाही भरून आलं.

बऱ्याच वेळाने वळली तेव्हा डोळे पुसत होती. "फार वाईट झालं," ती म्हणाली. "पण उपाय आहे."

"सांग. काहीही करीन."

"हिंदची लाख लागेल. झाडावर काडीला धरते ती, लाल. चाळिसाव्या दिवशी तिचा एक कण बाळाच्या मुठीत ठेवायचा."

"एवढंच? आत्ता बाजारातून—"

"थांब. विकत घ्यायची नाही. पैशाने आणलेली लाख पैशाबरोबर निघून जाते. फुकटही घ्यायची नाही. वस्तूला वस्तू देऊन मिळवायची. आणि चूक ज्याच्या हातून झाली त्याने स्वतःच्या पायांनी बाजारात जायचं. सुनेला पाठवायचं नाही, गड्याला पाठवायचं नाही."

मी म्हणालो, "हिंदचा तांडा तर अजून आला नाही. घाटात बर्फ आहे म्हणतात."

"मग तोवर रोज जा. जे आहे ते दे, मिळेल ते घे, करत करत लाखेपर्यंत पोच. दोन हिवाळे झाले, रोख्शाना गेल्यापासून तू उंबरा ओलांडला नाहीस. पायांना गंज चढलाय तुझ्या."

दाराआडून चातिसा म्हणाली, "मामंजी, तुमचे बूट मी कालच तेल लावून ठेवलेत."

सुनेचा अंदाज बघा! कालच कसं सुचलं तिला?

चौदावा दिवस

घरात देण्यासारखं काय, तर वाळवलेल्या तुतींची पिशवी. ती घेऊन निघालो. नदीकाठच्या दरवाज्यापर्यंत पोचेपर्यंत तीनदा बसलो. पण बाजाराचा वास आला आणि पाय आपोआप उचलू लागले. उंटांचा घाम, तंदुरातला नान, मिरी, कातडी, फुटलेलं खरबूज. देवळातला धूप कितीही चांगला असो, असा वास त्याला नाही.

चाच शहराच्या एका उंटवाल्याने तुतींची पिशवी हुंगली. "गोड आहेत. काय हवं, आजोबा?"

"तुझ्याकडे जास्तीचं काय आहे?"

"जास्तीचं? हा उंट. दिवसभर खातो आणि माझ्यावरच थुंकतो. नेताय?"

"घरात एक थुंकणारा आलाय नुकताच. दुसरं काही?"

तो हसून हसून लोळला. मग त्याने एक पितळी घंटा काढली. "तडकलीय. उंटाच्या गळ्यात बांधली तर खोकल्यासारखी वाजते."

मी वाजवून पाहिली. खरंच खोकल्यासारखी. पण ऐकता ऐकता मला गोबीचा काठ दिसला, पहाटेची थंडी, पुढच्या उंटावर बसून गाणारे आमचे म्हातारे वाटाडे. मी घंटा घेतली.

येताना एकाने हाक मारली, "वर्झककाका! जिवंत आहात?" दुसऱ्याने बळेच मद्याचा पेला पुढे केला. घरी यायला संध्याकाळ झाली. चातिसाने नानबरोबर मेंढीचं मांस वाढलं, मी दोन नान जास्त खाल्ले.

एकोणिसावा दिवस

आज मला कळलं की माझ्या अंगात सौदागराचं रक्त आहे, फक्त उशिरा जागं झालं!

खोतानचा तांडा उतरला आहे. त्यांचा मुख्य पुण्यदत्त नावाचा, पन्नाशीचा, शांत डोळ्यांचा माणूस. मी त्याच्यापुढे घंटा ठेवली.

"ही तडकली आहे," तो नम्रपणे म्हणाला.

"तडकलेली घंटा लांबवर ऐकू जात नाही, म्हणजे चोरांनाही जात नाही," मी म्हणालो. (काय सुचलं बघा!)

त्याने नाव विचारलं. मी सांगितलं.

"वर्झक? पंजकंदचा वर्झक?" तो एकदम उभाच राहिला. "तुम्ही कधी आमच्या बाजूला... माझे वडील एकदा वाळवंटात तापाने—"

"ताप येतोच तिकडे," मी म्हणालो. सौदा करताना समोरच्याला बोलू द्यायचं नाही, हे मला आठवलं. "पाणी उकळून प्यावं. तर या घंटेचं असं आहे..." आणि मी त्याला घंटेची महती सांगितली, कवितेच्या तीन ओळीही म्हणून दाखवल्या. तो ऐकत राहिला. डोळ्यांत वाळू गेली असावी, सारखे पुसत होता. मग त्याने थैलीतून अक्रोडाएवढा पांढराशुभ्र यशब, सोन्याच्या मोलाचा तो दगड, काढून माझ्या हातावर ठेवला.

"घंटेच्या बदल्यात?" मी ओरडलोच.

"घंटेच्या बदल्यात," तो म्हणाला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. खोतानची माणसं फार वाकतात. रीतच आहे त्यांची.

यशब! तडकलेल्या घंटेला! मिऊनायला दगड दाखवून सगळं सांगितलं तर तिने तो उजेडात धरून पाहिला. "तुला काहीच कळलं नाही का रे?" तिने विचारलं.

"कळलं तर," मी म्हणालो, "आधीच धंदा नीट केला असता तर आज समरकंदात माझा वाडा असता."

चोविसावा दिवस

यशब दिला, कस्तुरी घेतली. आर्तिवान नावाचा एक सौदागर तांड्यांच्या सराईत उतरलाय, त्याच्याकडून. लाख हिंदची, आणि हिंदच्या लोकांना कस्तुरीचं वेड; तांडा आला की ते लाखेने उंट भरून देतील! आर्तिवान फार रसिक माणूस. मी त्याला कस्तुरीची परीक्षा कशी घेतात ते सांगितलं: दोरा लसणाच्या पाकळीतून ओवायचा, मग कस्तुरीतून ओढायचा, लसणाचा वास मेला तर कस्तुरी अस्सल. तो म्हणाला, "वा! किती सुंदर सांगता, पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं.

पंचविसावा दिवस

मिऊनाय सकाळीच दोरा आणि लसूण घेऊन आली. दोरा लसणातून ओवला, कस्तुरीतून ओढला, माझ्या नाकाला लावला.

लसूण.

पुन्हा ओढला. लसूण, आणि त्याच्यामागे बोकड.

"तू त्याच्यासमोर परीक्षा घेतली नाहीस?" तिने विचारलं.

खरं उत्तर असं की परीक्षा कशी घेतात हे समजावून सांगण्यात मी इतका रंगलो की घ्यायची राहून गेली. अर्ध्या पंजकंदाला ही परीक्षा मी शिकवली आहे. आर्तिवान पहाटेच समरकंदच्या वाटेने निघून गेला होता.

उंटवाल्याला कळलं तसा तो म्हणाला, "त्यात काय, आजोबा? तुर्कांचा घोडेवाला आलाय, त्याचं नाक चोंदलेलं असतं. त्याला खपवा आणि एखादं शिंगरू घेऊन या."

मन क्षणभर डळमळलं, खोटं कशाला लिहू? पण लाखेपर्यंतची वाट अशी लबाडीची असेल तर पोराच्या मुठीत शेवटी काय बसणार? लबाडीच ना? मी बोकडाच्या सुक्या रक्ताचं ते गाठोडं नदीत सोडलं. परत येताना गल्लीतली सगळी कुत्री माझा हात हुंगत घरापर्यंत आली.

दुसरा महिना जर्झिन, तिसरा दिवस

आठ दिवस काही लिहिलं नाही. काय लिहिणार? तुती गेल्या, घंटा गेली, यशब गेला. चातिसा रोज बूट पुसून दाराशी ठेवते, मी रोज ते उचलून कोपऱ्यात ठेवतो. बाळ आता माझ्याकडे बघून हसतं. ते बघवत नाही.

सहावा दिवस

घाट मोकळा झाला! बाम्यानहून तांडा आला. हिंदचा माल घेऊन: मिरी, कापसाचं कापड, चंदन, आणि लाख. काड्यांना धरलेली, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल लाख! चातिसानेच बातमी आणली. नंतर मिऊनाय आली, तीही तेच सांगायला. आणि मग उंटवाला, धापा टाकत. सगळ्या गावाला माझ्या लाखेची काळजी!

घरात आता बदल्यात देण्यासारखी एकच वस्तू होती. रोख्शानाचा आरसा. चांगआनहून मी तिच्यासाठी आणलेला. पाठीवर द्राक्षांचे घोस आणि पक्षी कोरलेले. चारही फेऱ्यांत मी घरी आणलेली ती एकच चांगली वस्तू. रोख्शाना गेल्यापासून मी त्यावरचं फडकं काढलं नव्हतं. आज काढलं. आत एक म्हातारा होता, दाढी विंचरायला झालेला. मी दाढी विंचरली, आरसा कुशीत घेतला आणि निघालो.

लाखेचा मालक यम्श नावाचा, चाळिशीतला, ढेरपोट्या, घामाघूम. "लाख सगळी रंगाऱ्यांना ठरलेली आहे. पण तुम्हाला एक काडी? घ्या, आजोबा, फुकट घ्या!"

"फुकट नको."

"मग एक नाणं द्या."

"नाणं नको."

"मग देता तरी काय?"

मी आरसा पुढे केला. त्याने तो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि एकदम माझ्या कुशीत परत कोंबला, जणू त्याचा हात पोळला. "एका काडीला हा आरसा? मला आई-बाप आहेत, आजोबा. बाजारात लोक थुंकतील माझ्यावर."

"मग संपूर्ण गाठोडं दे लाखेचं."

"आणि रंगाऱ्यांना काय देऊ, माझं रक्त?" मग त्याने आवाज खाली आणला. "हा चांगआनचा ना? कुठून घेतलात?"

"पश्चिम बाजारात, तलावाच्या बाजूला एक एकडोळ्या ओतारी बसायचा—"

"म्हणजे तुम्ही स्वतः गेला होतात?"

"चारदा."

त्याने मला आपल्या गालिच्यावर बसवलं. घामाने डबडबलेला तो माणूस हळूच म्हणाला, "आजोबा, मी पहिल्यांदाच पूर्वेला चाललोय. माझा वाटाड्या बाम्यानलाच तापाने गेला. लोकांना सांगितलं नाही, घाबरतील. मला त्या वाटेवरची एक विहीर माहीत नाही. तुम्ही मला वाट द्या. मी तुम्हाला लाख देतो."

वाट कशी देणार? ती काय वस्तू आहे? पण तो हट्टाला पेटला.

दहावा दिवस

चार दिवस यम्शच्या गालिच्यावर बसून बोलतो आहे. कुठली विहीर गोड, कुठली कडू. कडू पाण्याच्या काठी उंट आपण होऊन मान फिरवतो, त्याचं ऐकायचं. म्हातारे उंट वादळाआधी एकत्र जमून नाक वाळूत खुपसतात, तेव्हा मुकाट्याने उतरायचं आणि तोंड फडक्यात गुंडाळायचं. तुनह्वांगच्या सराईत कुणाच्या घरचा नान जड असतो. घाटातल्या जकातवाल्याच्या आईचा गुडघा दुखत असतो, तिची विचारपूस आधी करायची. (ती आता हयात नसणार. मग मुलीची करा, म्हणालो.) आणि कस्तुरी घेताना दोरा व लसूण बरोबर ठेवायचे, बोलत बसायचं नाही.

यम्शचा कारकून सगळं लिहून घेतो. पहिल्या दिवशी आम्ही तिघंच होतो. आज मागे वळून पाहिलं तर पंधरा-वीस माणसं मांडी घालून ऐकत होती, चाचचा उंटवाला सगळ्यात पुढे.

शेवटी यम्शने लाखेचं अख्खं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. "रंगाऱ्यांचं काय?" मी विचारलं.

"रंगारी थांबतील. विहिरी थांबत नाहीत."

घेतलं खरं, पण मन खातं आहे. मी काय दिलं त्याला? गप्पा! गप्पा देऊन लाख घेतली. आर्तिवानाने निदान बोकडाचं रक्त तरी दिलं होतं.

मिऊनायला हे बोललो तर ती म्हणाली, "गोड बोललास आणि चिकट घेऊन आलास. देवी नानैलाही याहून बरा सौदा जमायचा नाही."

तिचा आवाज मऊ होता आज. म्हातारपणी माणसाचा आवाज मऊ होतो.

अठरावा दिवस

आज चाळिसावा.

वंदक कालच येऊन पोचला, उन्हाने काळा, मिशा वाढलेल्या. मुलाला हातात घेतलं आणि त्या मिशांआड जो हसला, तो थेट पाच वर्षांचा असताना हसायचा तसा. मी ठरवलं होतं, लाख मुठीत ठेवायच्या आधी सगळं सांगायचं. चोरून केलेला उपाय म्हणजे पुन्हा थापच.

"वंदक, एक सांगायचं आहे. मी तुझ्या मुलाच्या जिभेला डिंक लावला आणि हाताला मध."

वंदकने माझ्याकडे पाहिलं, मग मिऊनायकडे. मिऊनायला छताची एक तुळई एकाएकी फार आवडली होती. चातिसाला जोराचा खोकला आला. तोंडात बाही कोंबून खोकत होती. तिला थोडा मध द्यायला हवा.

"मग चाळीस दिवस तुम्ही काय केलंत, बाबा?"

मी सगळं सांगितलं. तुती, घंटा, यशब, लसूण, आरसा, विहिरी. वंदकने मिशांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "बाबा, काल मी वेशीतून आलो तर तिथे कुणीतरी मला 'वाटवाल्या वर्झकांचा मुलगा' म्हणालं. मला वाटलं, दुसरा कुणी वर्झक असेल." त्याचा आवाज जरा बसला होता, प्रवासातली धूळ. "आणि आत्ता बाहेर दोन सौदागर बसलेत. म्हणतात, म्हाताऱ्याबाबांकडून वाट घ्यायची आहे, बदल्यात काय चालेल?"

मिऊनायने गाठोड्यातून लाखेचा कण काढला. "वर्झक," ती म्हणाली, "त्या दिवशी दोन्ही वाट्यांत काय होतं, सांगू का तुला?"

"मला चांगलं माहीत आहे. एकीत मध, एकीत डिंक."

"बरं," ती म्हणाली. "राहू दे."

वंदक खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याचेही खांदे हलत होते. सगळ्यांनाच भरून आलं होतं.

मी लाखेचा लाल कण बोटावर घेतला आणि बाळाच्या तळहातावर ठेवला. या वेळी एकटक बघत होतो, आभाळात नव्हे. तरी कविता आलीच, ओठांवर आली: दिले जे जे वाटेवर, उभे राही तुझ्यासाठी... आणि नेहमीसारखा तिथे थांबलो.

"परतता बोट तुझे घट्ट धरील ते मुठी," मिऊनाय म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "तुला कशी येते?"

"शेळ्या राखत होते ना खिडकीखाली. तू बाहेर बघायचास. मी आत ऐकायचे."

साठ वर्षं! साठ वर्षं ही ओळ दोन घरं पलीकडे होती आणि मी ती वाळवंटात शोधत होतो.

आणि मग एकदम मला खोतानच्या त्या पुण्यदत्ताचं अर्धं राहिलेलं वाक्य आठवलं. माझे वडील एकदा वाळवंटात तापाने... तो ते पुरं करू बघत होता. मी करू दिलं नाही. अरेरे! तडकलेल्या घंटेला कोण यशब देतं? मी वर पाहिलं, मिऊनाय हसत होती, आणि या वेळी तिने पाठ फिरवली नाही.

तेवढ्यात बाळाने मूठ मिटली. लाखेचा कण आत, आणि माझं बोटही आत. काढायला गेलो तर सोडेना. वंदकने प्रयत्न केला, चातिसाने गुदगुल्या केल्या, सोडेना. काय ही हिंदच्या लाखेची पकड!

बाहेरच्या सौदागरांना आत बोलावलं आहे. मिऊनायसाठीही गालिचा टाकायला सांगितला. म्हटलं, रोज ये, शाळेतल्या आणखी कितीतरी कविता माझ्याकडे अर्ध्या पडल्या आहेत. "येईन की," ती म्हणाली. "शेळ्या विकल्या मी कधीच."

आजचं अक्षर वाकडं आलं आहे, कारण हे डाव्या हाताने लिहितो आहे. उजवं बोट अजून मुठीत आहे.